आंबट सफरचंदाचं क्रंबल: ओव्हनला पहिल्यांदाच हात लावणाऱ्यांसाठी

सप्टेंबर सरता सरता इंग्लंडमधल्या एखाद्या गल्लीतून चालत गेलात, तर कुठल्या तरी फाटकापाशी पुठ्ठ्याचं खोकं दिसेलच. आत हिरवी, ओबडधोबड, मुठीत न मावणारी सफरचंदं आणि वर चिठ्ठी: ‘हवी तेवढी घ्या.’ परसातल्या एका झाडाला एवढी फळं लागतात की घरच्यांना ती संपत नाहीत. इथे आले त्या पहिल्या वर्षी मीही चार उचलली. घरी पोचेपर्यंत धीर निघेना, रस्त्यातच एक चावलं आणि दात आंबले. त्यापेक्षा कैरी परवडली. उरलेली तीन मी इकडे-तिकडे बघत गुपचूप परत खोक्यात ठेवून आले.

ती ब्रॅमली होती. नंतर शेजारच्या आजींनी हसत हसत सांगितलं की हे सफरचंद कच्चं कुणी खातच नाही. आपल्याकडे भाजीची केळी वेगळी आणि खायची वेगळी, तसंच इथे शिजवायचं सफरचंद वेगळं. शिजवल्यावर त्याचं जे काय होतं त्यासाठीच ते लावतात, आणि त्याचा सगळ्यात सोपा पदार्थ म्हणजे क्रंबल: खाली आंबटगोड सफरचंद, वर पीठ, लोणी, साखर यांचा खुसखुशीत चुरा. लाटणं नको, मिक्सर नको, यीस्ट नको. अंडंही नाही, त्यामुळे सासूबाई आलेल्या असोत की संकष्टी सोडायची असो, कुणाला विचारावं लागत नाही.

इकडे नव्याने आलेल्या आणि ओव्हनमध्ये आजवर फक्त कढया ठेवलेल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. दिवस निवडायचा तर ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. त्या पहाटे २ वाजता घड्याळं तासभर मागे जातात, सकाळी एक तास फुकट मिळतो आणि संध्याकाळी पाचच्या आत अंधार होतो. बाहेर जायची इच्छा आपोआप मरते.

आधी कढया बाहेर काढा

गंमत नाही. भाड्याच्या घरातला ओव्हन चालू करण्याआधी आत काय काय आहे ते बघा. तवे, ट्रे, आधीच्या भाडेकरूने ठेवलेलं प्लास्टिकचं झाकण, सगळं बाहेर.

मग ओव्हन चालूच होत नाही, असं होऊ शकतं. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण आत गार. घरमालकाला फोन करण्याआधी त्याचं घड्याळ बघा. पुष्कळ ओव्हन असे असतात की वीज जाऊन आल्यावर घड्याळ लुकलुकत असेल तर वेळ लावेपर्यंत ते तापतच नाहीत. आम्ही दोन आठवडे ओव्हन बिघडलाय असं समजून बसलो होतो.

पुढे खुणा. वर्तुळात पंखा म्हणजे गरम हवा फिरवणारा ओव्हन. वर एक रेघ आणि खाली एक रेघ म्हणजे पंख्याशिवाय, वरून-खालून उष्णता. वर नुसती नागमोडी रेघ असेल तर तो ग्रिल. त्यावर क्रंबल ठेवलंत तर पाच मिनिटांत वरून कोळसा आणि खाली कच्ची फोड. आपल्याला लागणारं तापमान १९० अंश सेल्सियस. पंखा लावला असेल तर २० अंश कमी, म्हणजे १७०. गॅसचा ओव्हन असेल तर त्याच्या बटणावर अंश नसतात, १ ते ९ आकडे असतात. तिथे ५ वर ठेवा.

तापायला निदान १५ मिनिटं द्या. गार ओव्हनमध्ये ठेवलं तर लोणी हळूहळू वितळून पिठात मुरतं आणि चुऱ्याचा लगदा होतो. ओव्हन पुष्कळ दिवसांनी लागत असेल तर आधी एकदा रिकामाच तापवून घ्या, खिडकी उघडी ठेवून. जुनं सांडलेलं तेल धुरकटतं आणि छतावरचा अलार्म पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांशी ओळख करून देतो.

सफरचंद

सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा थांबते.

ब्रॅमलीत मॅलिक आम्ल भरपूर आणि साखर कमी. शिजताना त्याची फोड आकार सोडते आणि फुलून मऊ, कापसासारखा गर होतो. खायचं गोड सफरचंद शिजवलं की फोड फोडच राहते आणि चव मात्र पाणचट होते. वर चुऱ्याचा गोडवा असल्यामुळे खाली आंबट हवंच. नवशिक्यांची पहिली चूक हीच, की फ्रीजमध्ये पडलेली गोड लाल सफरचंदं ‘संपवायची म्हणून’ क्रंबलमध्ये घालतात. मग खाणारा म्हणतो, शिऱ्यासारखं लागतंय.

या झाडाची कथा कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. नॉटिंगहॅमजवळच्या साउथवेल गावात १८०९ साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने काही बिया पेरल्या आणि त्यातल्या एकीचं हे झाड झालं. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅमली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. १८५६ साली हेन्री मेरीवेदर हा तरुण रोपवाटिकावाला कलमांसाठी काड्या मागायला आला, तेव्हा ब्रॅमली म्हणाला, खुशाल ने, पण फळ माझ्या नावाने विकायचं. त्यामुळे बी लावणाऱ्या मुलीचं नाव राहिलं बाजूला. सफरचंदाच्या बीतून आईसारखंच झाड येत नाही, म्हणून हापूसची कलमं बांधतात तशी याचीही बांधावी लागतात. आज दुकानात दिसणारं प्रत्येक ब्रॅमली त्या एका झाडाच्या फांदीचं वंशज आहे.

दुकानात ते खायच्या सफरचंदांपासून वेगळं, ‘कुकिंग’ अशा पाटीखाली असतं. हाताला जड आणि टणक बघून घ्या. सालीवर खरखरीत तपकिरी डाग असले तरी चालतात, बोट दाबलं जाईल असा मऊ भाग नको. फाटकापाशी मिळालेली असतील तर चिरताना आतली अळी बघा, तेवढा भाग काढून टाका.

ब्रॅमली नाहीच मिळालं तर ग्रॅनी स्मिथ घ्या आणि अर्ध्या लिंबाचा रस पिळा. कॉक्सही चालतं. ते फोडीचा आकार राखतं, म्हणून मी कधी कधी तीन ब्रॅमलींत एक कॉक्स घालते. गरात मध्येच दाताखाली फोड येते. पुण्या-मुंबईत बसून करणाऱ्यांना हिमाचल-काश्मीरची डिलिशस जातीची सफरचंदं मिळतात. ती गोड असतात, तेव्हा एका लिंबाचा रस घाला आणि फळातली साखर निम्म्याहून कमी करा. छोट्या ओटीजीत होतं, काही अडत नाही.

सामान

चार ते सहा माणसांना, साधारण दीड लिटर मावेल अशा काचेच्या किंवा चिनी मातीच्या खोलगट डिशमध्ये:

- ब्रॅमली सफरचंदं, ८०० ग्रॅम (मोठी तीन)
- फळासाठी साखर, ८० ग्रॅम
- मैदा, १५० ग्रॅम
- ओट्स, ५० ग्रॅम
- लोणी, १०० ग्रॅम, फ्रीजमधलं गार
- चुऱ्यासाठी डेमेरारा साखर, १०० ग्रॅम
- दालचिनी पूड, अर्धा छोटा चमचा
- मिठाची चिमूट (लोणी खारं असेल तर नको)

प्रमाण डोक्यात ठेवायचं तर पीठ दोन भाग, लोणी एक, साखर एक. ओट्स पिठातच धरायचे. नसतील तर २०० ग्रॅम मैदा घ्या. मैद्याच्या पाकिटावर ‘प्लेन’ लिहिलेलं असावं. ‘सेल्फ-रेझिंग’ पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते, त्याने चुरा फुगून केकच्या अंगाने जातो. डेमेरारा म्हणजे जाड दाण्याची सोनेरी साखर. ती पूर्ण विरघळत नाही, म्हणून कुरकुर येते. नेहमीच्या साखरेनेही होतं, कुरकुर कमी.

वेलची-जायफळाचा मोह प्रत्येकाला होतो. मला विचाराल तर पहिल्या वेळी घालू नका. ते घातलं की आपल्या नाकाला लगेच श्रीखंड-पुरणपोळी आठवते आणि सफरचंद मागे पडतं. दालचिनीसुद्धा अर्ध्या चमच्याच्या वर नको.

चुरा आधी, फळ नंतर

कृती वाचताना सगळीकडे फळ आधी चिरायला सांगतात. मी उलटं करते. चुरा फ्रीजमध्ये थांबू शकतो, चिरलेलं सफरचंद काळं पडतं.

१. लोण्याचे बोराएवढे तुकडे करून मैद्यात टाका. मीठ घाला. ओट्स आणि साखर अजून नको.

२. आता चोळायचं. माझा पहिला क्रंबल इथेच फसला. मी विचार केला, यात नवीन काय, मोहन घालून पीठ चोळायचं ते तर दर दिवाळीला करतो. लोणी कडकडीत गरम करून ओतलं. ओव्हनमधून जे निघालं त्याला आम्ही घरात अजून ‘फरशी’ म्हणतो. वितळलेलं लोणी पिठाने शोषून घेतलं, सगळं एकजीव झालं आणि भाजून एकसंध पाटा तयार झाला. इथे लोणी गारच हवं. त्याचे बारीक घट्ट कण पिठात सुटे राहतात, ओव्हनच्या उष्णतेत जागच्या जागी वितळतात आणि प्रत्येक कणाभोवती वेगळा खडा भाजला जातो.

तर हात गार पाण्याने धुऊन कोरडे करा. फक्त बोटांची टोकं वापरा, तळवा नाही. तळहात गरम असतो. लोण्याचा तुकडा आणि थोडं पीठ दोन्ही हातांच्या बोटांत उचला, अंगठा करंगळीपासून तर्जनीपर्यंत सरकवत चोळा आणि वरून भांड्यात सोडून द्या. उंचावरून सोडलं की हवा लागते, लोणी गार राहतं. आधी वाटाण्याएवढे तुकडे दिसतील, मग तुरीच्या डाळीएवढे, मग जाडसर रव्यासारखं. पाच-सात मिनिटांचं काम. मध्ये एकदा भांडं हलवा, न चोळलेले मोठे तुकडे आपोआप वर येतात.

झालं की नाही हे बघायला आपली जुनी परीक्षा चालते. मूठभर घेऊन मुटका वळा. वळला पाहिजे आणि बोट टोचलं की लगेच फुटला पाहिजे. वळतच नसेल तर अजून चोळा. टोचूनही फुटत नसेल तर लोणी वितळायला लागलंय, भांडं उचलून १० मिनिटं फ्रीजमध्ये.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, “अगं, शंकरपाळ्यांचं पीठ मध्येच सोडून दिल्यासारखं दिसतंय हे.” याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही.

३. साखर आणि ओट्स घालून चमच्याने हलवा. आता चोळायचं नाही. वर एक मोठा चमचा गार पाणी शिंपडा आणि काट्याने ढवळा. काही ठिकाणी गुठळ्या होतील, त्या हव्याच. भाजल्यावर त्याच कुरकुरीत खडे होतात. भांडं झाकून फ्रीजमध्ये ठेवा.

४. ओव्हन लावा.

५. सफरचंदं सोला, चार भाग करा, मधला बियांचा कडक भाग काढा आणि दीड सेंटिमीटरच्या फोडी करा. पातळ काप केले तर त्यांची लापशी होते. फार मोठ्या ठेवल्या तर आत कच्च्या राहतात. सोलायला वेळ लागत असेल तर वांग्याच्या फोडी टाकतो तशा या मिठाच्या पाण्यात टाकत जा, नंतर नीट निथळून घ्या. थोडी काळी पडली तरी शिजल्यावर कळत नाही.

६. फोडी डिशमध्ये घेऊन साखर आणि दालचिनी घाला, हातानेच कालवा. एक फोड चाखा. डोळा मिटला पाहिजे, पण चेहरा वेडावाकडा व्हायला नको. अगदीच सोसवत नसेल तर अजून दोन चमचे साखर.

डिश काठोकाठ भरू नका, वरून निदान दोन बोटं जागा सोडा. सफरचंदाचा रस उकळून वर येतो आणि ओव्हनच्या तळाशी सांडून जळतो. खाली एक ट्रे ठेवलात तर नंतर गुडघ्यावर बसून खरवडायची वेळ येत नाही.

७. फ्रीजमधला चुरा मुठीने उचलून वर भुरभुरवा. कडांपासून सुरुवात करा, शेवटी मध्यभाग. थर दोनेक सेंटिमीटरचा. वरून दाबायचं नाही, चमच्याने सपाट करायचं नाही. दाबलं की वाफ अडते आणि खालचा भाग पिठूळ राहतो.

८. मधल्या कप्प्यात ४० ते ४५ मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला एकदा काचेतून बघा. एका बाजूला जास्त रंग येत असेल तर डिश फिरवा. सगळीकडूनच लवकर तपकिरी झालं तर वर फॉइल सैलसर ठेवा.

घड्याळापेक्षा डिशकडे लक्ष ठेवा, कारण भाड्याच्या घरातल्या ओव्हनचे आकडे बहुधा थापाच मारतात. वरचा रंग बेसनाच्या लाडवांसाठी बेसन खमंग भाजल्यावर येतो तसा यायला हवा. कडेने रसाचे बुडबुडे यायला हवेत, आणि तेही पाण्यासारखे भराभर नाहीत, काकवीसारखे दाट, संथ, एक फुटला की मग दुसरा. मध्यभागी सुरी खुपसली तर अडता कामा नये. या तीन गोष्टी ३८ मिनिटांत झाल्या तर ३८ला काढा, पन्नासला झाल्या तर पन्नासला.

९. बाहेर काढून १५ मिनिटं थांबा. हे सगळ्यात अवघड, कारण घरभर वास सुटलेला असतो. पण रस तेवढ्यात दाट होतो, आणि साखरेत उकळलेलं सफरचंद जिभेला असं भाजतं की पुढचे दोन दिवस चहा पिताना आठवण येते.

वर काय घालायचं

कस्टर्ड. आपल्या डोक्यात कस्टर्ड म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं गार, घट्ट, डाळिंबाचे दाणे घातलेलं. इथे ते गरम आणि ओतता येईल इतकं पातळ करतात. दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर आणि तेवढीच साखर थोड्या गार दुधात कालवायची, बाकीचं दूध (सगळं मिळून एक पाइंट, म्हणजे ५६८ मिलिलिटर) उकळून त्यात ओतायचं आणि पुन्हा मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळत राहायचं. ढवळणं थांबवलं की गाठी.

कस्टर्ड असूनही यात अंडं कसं नाही, हा प्रश्न मला पुष्कळदा विचारतात. उत्तर बर्मिंगहॅममध्ये आहे. आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडं सोसत नसे, म्हणून त्याने १८३७ साली मक्याच्या पिठावर दाट होणारी ही पावडर काढली. एका नवऱ्याने बायकोसाठी केलेली सोय, आणि पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी तीच आमच्या चतुर्थीला उपयोगी पडते.

कस्टर्डचा कंटाळा असेल तर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा, किंवा नुसती गार सायीची वाटी.

क्रंबल इथल्या घरांत नेमकं कसं रुजलं, त्याचा संबंध सहसा दुसऱ्या महायुद्धाशी जोडतात. जानेवारी १९४० मध्ये लोणी आणि साखर रेशनवर गेली. ‘पाय’ म्हणजे पारीत फळ भरून भाजायचा पदार्थ, त्या पारीला लागणारं लोणी परवडेना, तेव्हा असलेल्या चिमूटभराला पिठात चोळून वर पसरायचं. शेजारच्या आजी अजूनही क्रंबल करताना लोण्याचा कागद चमच्याने निपटून घेतात आणि तोच डिशला आतून फासतात. मीही आता तेच करते.

उरलं तर

फ्रीजमध्ये झाकून दोन-तीन दिवस राहतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलंत तर वरचा चुरा मऊ पडतो. ओव्हनमध्येच १५ मिनिटं ठेवा. सकाळी गारच, दह्याबरोबर, हा माझा आवडता प्रकार आहे, पण त्याची जाहिरात करत नाही, नाहीतर रात्रीच संपतं.

ब्रॅमली जास्त आणली गेली असतील तर त्यांचा मेथांबा करून बघा. कैरीचा करतो तसाच, फक्त फोडी जरा मोठ्या ठेवा आणि गूळ घातल्यावर पाच मिनिटांत गॅस बंद करा, कारण हे फळ कैरीपेक्षा फार लवकर विरघळतं.

चुरा दुप्पट करून निम्मा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकला तर तीन महिने टिकतो, आणि वापरताना वितळवावा लागत नाही, थेट फळावर पसरायचा. फक्त पिशवीवर ठळक नाव लिहा. आमच्याकडे फ्रीजरमध्ये त्याच्या शेजारी खवलेला नारळ असतो, आणि एका घाईच्या सकाळी घरातल्या एका माणसाने फरसबीच्या भाजीवर मूठभर क्रंबल पेरलेलं आहे.